कानशीचा हात : कोल्टचं रिव्हॉल्व्हर आणि टायमिंगचा प्रश्न

सर्जिओ लिओनेच्या १९६६ सालच्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ या चित्रपटात एक प्रसंग आहे. वाळवंटातून अर्धमेला होऊन आलेला टुको बंदुकांच्या दुकानात शिरतो. घाबरलेला म्हातारा दुकानदार एकेक रिव्हॉल्व्हर काढून समोर ठेवतो. टुको ती खोलतो. एकाची नळी घेतो, दुसऱ्याचा सिलिंडर उचलून कानाशी धरतो, फिरवतो, आवाज ऐकतो, नापसंत करून बाजूला ठेवतो, तिसऱ्याचा घेतो. शेवटी वेगवेगळ्या हत्यारांतून एक हत्यार जुळवतो आणि त्यानेच दुकान लुटतो. एली वॉलकचा अभिनय इतका सहज आहे की, हे शक्य होतं का, असा प्रश्न पाहताना मनात येत नाही.

चित्रपटाचा काळ अमेरिकी यादवी युद्धाचा, म्हणजे १८६२च्या आसपासचा. तेव्हा सॅम्युएल कोल्टच्या कारखान्याचा लौकिक हाच होता, की तिथली हत्यारं यंत्रावर बनतात, सगळी एकसारखी निघतात, एकाचा भाग दुसऱ्याला बसतो. शाळेतल्या इतिहासात औद्योगिक क्रांतीचं प्रकरण शिकताना ‘सुट्या भागांची अदलाबदल’ हे शब्द आपण सगळ्यांनीच पाठ केले आहेत. हेन्री फोर्डच्या मोटारीपर्यंत जाणारा रस्ता कोल्टच्या हार्टफर्डमधून जातो, असंही सांगितलं जातं. या लेखात त्या रस्त्यावरचा एकच टप्पा पाहायचा आहे. तो ज्या कारखान्यातून जातो, त्याच कारखान्याच्या मालात एक जागा अशी होती, जिथे यंत्र थांबत असे आणि माणूस कानस हातात घेत असे. त्या जागेचं नाव टायमिंग.

‘टायमिंग’ हा शब्द आपल्याकडे गॅरेजमध्ये सर्रास वापरतात. स्कूटर नीट चालत नसली, की मेकॅनिक ‘टायमिंग गेलंय’ म्हणतो. ठिणगी पडायची ती वेळेवर पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. रिव्हॉल्व्हरमध्येही अर्थ तोच आहे. फक्त तिथे ठिणगीचा नाही, लोखंडाच्या तीन तुकड्यांच्या भेटीचा प्रश्न असतो.

हे तुकडे ओळखून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. मराठीत ‘घोडा’ आणि ‘चाप’ यांची नेहमी गल्लत होते. वर्तमानपत्रंसुद्धा ‘घोडा दाबला’ असं छापतात. दाबतात तो चाप. घोडा म्हणजे मागे अंगठ्याने ओढायचा हातोडीसारखा भाग, जो पुढे आपटून टोपी फोडतो. कोल्टचं जुनं रिव्हॉल्व्हर हे ठासणीचंच हत्यार. प्रत्येक कप्प्यात पुढून दारू घालायची, वर शिशाची गोळी ठासायची, मागे तांब्याची टोपी बसवायची. असे सहा कप्पे असलेला सिलिंडर एका आसावर फिरतो. घोडा मागे ओढला, की त्याला जोडलेली एक छोटी पट्टी वर सरकते आणि सिलिंडरच्या पाठीवर कोरलेल्या सहा दात्यांपैकी एकाला ढकलते. या पट्टीला तिथले कारागीर ‘हँड’ म्हणत, म्हणजे हातच. सिलिंडर एक षष्ठांश फिरतो, ६० अंश. कप्पा नळीच्या बरोबर मागे आला, की खालून एक अडसर उचलून सिलिंडरच्या खाचेत बसतो आणि त्याला जागीच घट्ट धरतो. तिकडे ‘बोल्ट’ म्हणतात, मी अडसरच म्हणणार. त्याच क्षणी चापाचं टोक घोड्याच्या खाचेत अडकतं आणि हत्यार पूर्ण ताणलं जातं.

म्हणजे तीन गोष्टी एकाच वेळी घडायला हव्यात. हाताने ढकलणं संपलं पाहिजे, अडसर खाचेत पडला पाहिजे, चाप अडकला पाहिजे. घोडा ओढायला सुरुवात करताना अडसराने आधी खाली उतरून सिलिंडर मोकळा केलेला असला पाहिजे, ही चौथी अट. हे सगळं अंगठ्याच्या एका ओढीत होतं. यातली एक गोष्ट जरा मागेपुढे झाली, की कप्पा आणि नळी एका रेषेत येत नाहीत. फरक थोडा असेल तर गोळी नळीच्या तोंडावर घासते आणि शिशाचे कपचे बाजूने उडतात. फरक जास्त असेल तर हत्यार धरणाऱ्याच्या हातावर बेतू शकतं.

कोल्टच्या शोधाचा गाभा हाच होता. फिरत्या कप्प्यांची कल्पना त्याची नव्हे. तोड्याच्या काळातल्या, फिरत्या कप्प्यांच्या भारतीय बनावटीच्या बंदुका आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. एलिशा कॉलियर या अमेरिकन माणसाने १८१८मध्ये लंडनला चकमकीच्या फिरत्या पिस्तुलाचं पेटंट घेतलं होतं. सुरुवातीला त्याने सिलिंडर आपोआप फिरावा म्हणून आत कमान बसवली, पण पुढच्या नमुन्यांत ती काढून टाकली आणि सिलिंडर हातानेच फिरवायचा ठेवला. याचा अर्थ काय, ते उघड आहे. फिरवणं सोपं होतं, नेमक्या जागी थांबवणं अवघड होतं. कोल्ट १८३०मध्ये सोळा वर्षांचा असताना ‘कॉर्व्हो’ नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून कोलकात्याला आला होता. जहाजाचं चाक फिरताना आणि अडकताना पाहून आपल्याला कल्पना सुचली आणि त्या प्रवासातच आपण लाकडाचा नमुना कोरला, असं तो पुढे सांगत असे. कॉलियरची पिस्तुलं त्याने कोलकात्यात पाहिली असावीत, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. मला दोन्ही गोष्टींत फारसा रस नाही. शोधाची जन्मकथा सांगणारा माणूस बहुधा पेटंटच्या वकिलाला डोळ्यांसमोर ठेवूनच बोलत असतो.

आणि वकील लागलेच. २५ फेब्रुवारी १८३६च्या अमेरिकी पेटंटात कोल्टने घोडा ओढल्याबरोबर सिलिंडर फिरणं आणि अडकणं, या जोडणीवर हक्क सांगितला होता. पॅटरसन गावातला पहिला कारखाना १८४२मध्ये बुडाला. १८४७मध्ये मेक्सिकोच्या युद्धामुळे हजार रिव्हॉल्व्हरांची सरकारी मागणी आली, तेव्हा कोल्टकडे स्वतःचा कारखानाही नव्हता. ती हत्यारं त्याने एलाय व्हिटनी धाकट्याच्या कारखान्यात करून घेतली. पुढे धंदा वाढला, तसे नक्कल करणारेही आले. १८५१मध्ये बॉस्टनच्या न्यायालयात त्याने मॅसॅच्युसेट्स आर्म्स कंपनीवर खटला जिंकला. त्यानंतर त्या कंपनीने जी रिव्हॉल्व्हरं काढली, त्यांत एक बटण दाबून सिलिंडर बोटांनी फिरवावा लागे. कॉलियर जिथे थांबला होता, तिथेच हे पुन्हा आले. १८५७मध्ये पेटंट संपेपर्यंत अमेरिकेत टायमिंगवर एका माणसाची मालकी होती, असं म्हटलं तरी चालेल.

त्याच १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात कोल्टने आपली हत्यारं मांडली आणि नोव्हेंबरात तिथल्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे यंत्रांनी रिव्हॉल्व्हर बनवण्यावर निबंध वाचला. १८५३मध्ये त्याने लंडनच्या पिम्लिको भागात थेम्सकाठी कारखाना काढला. डिकन्सच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ साप्ताहिकाने १८५४मध्ये त्याचं कौतुकाने वर्णन छापलं. पूर्वी बंदुकीला हातही न लावलेले स्त्रीपुरुष यंत्रांपुढे उभे राहून सुबक भाग काढताहेत, हे लंडनकरांना जादूसारखं वाटलं असणार. बर्मिंगहॅमच्या बंदूककारागिरांना मात्र त्यात आपलं मरण दिसत होतं. १८५४मध्ये ब्रिटिश संसदेची समिती बसली. हत्यारं कारागिरांकडून घ्यावीत की सरकारने यंत्रांचा कारखाना काढावा, असा तिच्यापुढचा प्रश्न होता. कोल्टची साक्ष झाली. वाफेच्या घणाचा निर्माता जेम्स नेस्मिथ याने कोल्टच्या कारखान्याची तोंडभरून स्तुती केली. पुढे एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात अमेरिकन यंत्रं आली. हे एनफिल्ड म्हणजे १८५७च्या काडतुसांमुळे आपल्या ओळखीचं झालेलं नाव.

पण याच समितीपुढे आणखी एक साक्ष झाली होती. कोल्टच्याच लंडन कारखान्यात अधीक्षक राहिलेल्या गेज स्टिकनीने सांगितलं, की तिथल्या रिव्हॉल्व्हरांचे भाग एकमेकांना जसेच्या तसे बसत नाहीत. या साक्षीचा बोलबाला झाला नाही. इतिहास लिहिणाऱ्यांनी पुढची शंभर वर्षं कोल्टच्या जाहिरातीलाच पुरावा मानलं. १९७८मध्ये रॉबर्ट हॉवर्ड या अभ्यासकाने खाजगी कारखान्यांतली प्रत्यक्ष हत्यारं तपासून हा समज खोडून काढला. १९८८मध्ये रॉबर्ट गॉर्डनने स्प्रिंगफिल्डच्या सरकारी बंदुकांच्या कळींवरचे कानशीचे ओरखडे तपासून दाखवलं, की सुबकता वाढत गेली ती केवळ यंत्रांमुळे नव्हे, कानस चालवणाऱ्यांचं कसब वाढलं म्हणूनही.

खरं तर पुरावा कुणापासून लपलेला नव्हता. जुनं १८५१चं ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हर पाहा. त्याच्या नळीवर क्रमांक आहे. सांगाड्यावर तोच. चापाभोवतीच्या कड्यावर तोच, मुठीच्या पट्टीवर तोच, सिलिंडरवर तोच. नळी आणि सांगाडा एकत्र धरून ठेवणारी बोटाएवढी लोखंडी पाचर, तिच्यावरसुद्धा तोच. भाग खरोखरच कुणाचाही कुणाला बसत असता, तर पाचरीवर क्रमांक ठोकायला कुणी कशाला वेळ घालवला असता? यामागची रीत अशी होती. लोखंड मऊ असताना कारागीर भाग एकमेकांत घासून बसवत. मग हत्यार पुन्हा खोलून भाग पाणी देऊन कठीण करायला आणि चकाकी आणायला जात. परत आल्यावर कुणाचा जोडीदार कोण, ते कळावं म्हणून क्रमांक. पाटा-वरवंट्याची जोडी जशी झिजून एकमेकांची होते, तशी ही जोडी होती. फक्त ती झिजण्याआधीच जुळवावी लागे.

टुकोच्या दुकानातली नळी दुसऱ्या सांगाड्यावर कदाचित चढली असती, ती कसर पाचरीने भरून काढता येते. सिलिंडरचं तसं नाही. एका हत्यारातल्या हाताची लांबी त्या हत्यारातल्या दात्यांशी जुळवलेली असते. तरीही टुको सिलिंडर कानाशी धरून ऐकतो, यातलं निरीक्षण चांगलं आहे. टायमिंग खरोखरच ऐकू येतं. घोडा सावकाश ओढला, की आधी अर्ध्या ताणाचा टक, मग अडसर पडल्याचा टक, आणि लगेच पूर्ण ताणाचा. शेवटचे दोन जितके जवळ येतील, तितकं उत्तम. ते एकच वाटले, तर जुळवणाऱ्याचा हात कसलेला होता असं समजावं. मात्र त्यासाठी सिलिंडर सांगाड्यात असावा लागतो. सुटा सिलिंडर कानाशी धरून काही कळत नाही.

हे सगळं आज तपासून पाहता येतं, ते प्रतिकृतींमुळे. यादवी युद्धाची शताब्दी जवळ आली, तसं जुन्या हत्यारांनी नेमबाजी करण्याचं वेड अमेरिकेत वाढलं. व्हॅल फोर्गेट या व्यापाऱ्याने १९५०च्या दशकाच्या अखेरीस इटलीतल्या ब्रेशिया परिसरातल्या कारागिरांकडून कोल्टच्या धर्तीची चालती रिव्हॉल्व्हरं करून घ्यायला सुरुवात केली. त्या कामातूनच आल्दो उबेर्तीचा कारखाना उभा राहिला. गार्दोने व्हाल त्रोंपियाच्या त्या खोऱ्यात बंदुकीच्या नळ्या शतकानुशतकं बनत आल्या आहेत. अमेरिकेच्या १९६८च्या शस्त्र कायद्याने काडतूस न लागणाऱ्या अशा प्रतिकृतींना सूट दिली आणि बाजार पक्का झाला. आपल्याकडे चालती प्रतिकृती परवान्याशिवाय बाळगता येत नाही. त्यामुळे माझा अभ्यास आराखड्यांवर, खोललेल्या यंत्रांच्या छायाचित्रांवर आणि दुरुस्तीच्या पुस्तिकांवर उभा आहे.

या पुस्तिका वाचताना दीडशे वर्षं मध्ये गेलीच नाहीत असं वाटतं. रिकाम्या हत्याराचा घोडा सावकाश ओढा, दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरला हलकंसं टेकवून किंचित अडवा, असं त्या सांगतात. घोडा पूर्ण ताणला गेला तरी अडसर खाचेत पडला नसेल, तर ‘हात’ आखूड आहे किंवा झिजला आहे. उलट अडसर आधीच पडला आणि घोडा अजून मागे जायचा आहे पण अडतो, तर हात लांब आहे. अशा वेळी जोर करणारे लोक दाते, खाचा आणि अडसर तिन्हींची वाट लावतात. सहाही कप्प्यांना हीच परीक्षा करायची, कारण एखादाच दाता वेगळा कापला गेलेला असतो आणि दोष पाच वेळा दिसत नाही, सहाव्यांदा दिसतो. अडसर लवकर वर आला, तर तो सिलिंडरच्या अंगावर घासत जातो आणि गोल ओरखडा उठतो. ‘नेव्ही’च्या सिलिंडरवर १८४३च्या टेक्सास आणि मेक्सिकोच्या आरमारी लढाईचं चित्र ठशाने उठवलेलं असे. बऱ्याच जुन्या नगांवर त्या जहाजांना छेदून जाणारी रेघ दिसते. ती कुणाच्या तरी बिघडलेल्या टायमिंगची खूण आहे. अडसर उशिरा पडला, तर घोडा झटक्यात ओढल्यावर सिलिंडर वेगात पुढे निघून जातो. सावकाश ओढलं, की सगळं ठीक. दुकानात चांगलं चालणारं आणि गडबडीत दगा देणारं हत्यार ते हेच.

जाणकार मात्र थेट हाताला किंवा अडसराला हात घालत नाहीत. आधी पाचर पाहतात. पाचर फार खोल ठोकली, की नळी मागे येऊन सिलिंडरच्या तोंडाला टेकते आणि सिलिंडर जड फिरतो. पाहणाऱ्याला वाटतं, टायमिंग गेलं. मग काजळी. काळी दारू जळून इतकी घाण मागे ठेवते, की काही फैरींतच आस चिकटू लागतो. मग फुटलेल्या टोप्यांचे तुकडे. ते घोड्याच्या फटीतून आत पडून यंत्र अडवतात, म्हणून जुने लोक घोडा ओढताना नळी वर करत, तुकडा बाहेर पडावा म्हणून. मग हाताला पुढे रेटणारी पातळ कमान मोडली आहे का. ती मोडली असेल, तर नळी खाली केल्यावर हात आपल्याच वजनाने दात्यावर टेकतो आणि यंत्र चालतं, नळी वर केली की चालत नाही. हे सगळं नाही म्हटल्यावर कानस.

कोल्टच्या नकलांपैकी एक मला फार अस्वस्थ करते. जॉर्जियातल्या सॅम्युएल ग्रिझवोल्डच्या कारखान्यात दक्षिणेच्या सैन्यासाठी ‘नेव्ही’च्या धर्तीची साडेतीन हजारांहून अधिक रिव्हॉल्व्हरं बनली. लोखंडाची टंचाई, म्हणून सांगाडा पितळी. पितळ दणके खाऊन ढिलं होतं, आस हलू लागतो आणि टायमिंग बिघडतं. पितळी प्रतिकृती वापरणाऱ्यांना आजही हाच अनुभव येतो. त्या कारखान्यातले बहुसंख्य कामगार गुलाम होते. नोव्हेंबर १८६४मध्ये उत्तरेच्या घोडदळाने तो जाळला. आपल्याला गुलाम ठेवणाऱ्या सैन्याचं हत्यार वेळेवर अडकावं, म्हणून ज्या माणसांनी हात आणि अडसर घासून जुळवले, त्यांचं एकही नाव त्या हत्यारांवर नाही. क्रमांक मात्र आहेत. ही हत्यारं संग्राहक आज मोठ्या किमतीला घेतात आणि ‘ग्रिझवोल्ड’ म्हणून ओळखतात.

आपल्याकडच्या लोहारांच्या आणि शिकलगारांच्या कामाबद्दल वासाहतिक काळात एक शेरा वारंवार मारला गेला. काम सुबक, पण दोन नग सारखे नाहीत, म्हणून मागासलेलं. आपल्या लेखकांनीही तो पुष्कळदा निमूटपणे उतरवून घेतला. हा शेरा मारणाऱ्यांच्या कमरेच्या रिव्हॉल्व्हरातली पाचर दुसऱ्या रिव्हॉल्व्हरला बसेलच, याची खात्री नव्हती. कोल्टची यंत्रं खोटी होती, असं मी म्हणत नाही. ओबडधोबड लोखंडातून मापाच्या जवळ जाणारा भाग झटपट काढणं ही फार मोठी गोष्ट होती, आणि एलिशा रूटसारख्या त्याच्या यंत्रज्ञाचं श्रेय कमी होत नाही. मुद्दा ‘जवळ’ या शब्दाचा आहे. शेवटचं केसभर अंतर कोण तोडत होतं, हे त्या लौकिकातून वगळलं गेलं.

संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या काळातही ते अंतर पुरतं मिटलेलं नाही. प्रतिकृतीचा हात झिजला, की नवा विकत मिळतो. तो बहुधा मुद्दाम थोडा लांब ठेवलेला असतो. लांब असेल तर घासून कमी करता येतो, आखूड निघाला तर ठोकून ताणावा लागतो किंवा फेकावा लागतो. घेणाऱ्याने तो बसवायचा, घोडा ओढून पाहायचा, कुठे अडतं ते ऐकायचं, काढायचा, टोकावर बारीक कानशीचे दोन फटके मारायचे, पुसायचा, पुन्हा बसवायचा. सहाही कप्पे होईपर्यंत.